डाव्या बाह्या

पहिला कोट शिवून झाला तेव्हा तो घालून बघायची पाळी काजवालीवर आली. काजवाली म्हणजे काज-बटणांच्या मशीनवरची बाई. अंगाने धिप्पाड, त्यामुळे मोठ्या मापाचं काहीही असलं की आधी तिच्या अंगावर चढायचं. कोट अग्निशमन दलाच्या जवानांसाठी होते, जाड कापडाचे, आत दोन अस्तरं, आणि हात वाकवायला सोपं जावं म्हणून कोपराला मुद्दाम बाक दिलेल्या बाह्या. काजवालीने डावा हात घातला, मग उजवा घातला, आणि तशीच उभी राहिली. उजव्या बाहीचा बाक भलतीकडेच गेला होता.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा कोट मला मिठी मारतोय की माझा हात पिरगळतोय?"

सगळी रांग हसली. सुपरवायझरने दुसरा कोट मागवला. त्याचीही तीच गत. मग त्याने कापलेल्या बाह्यांचा एक गठ्ठा सोडला, मग दुसरा, मग तिसरा. जमिनीवर बाह्यांचा ढीग झाला तसं हसू आटत गेलं. सगळ्या बाह्या डाव्या होत्या. उजवी एकही नव्हती.

शिवणकामात असली चूक एकाच ठिकाणी होऊ शकते, ती म्हणजे कापायच्या टेबलावर. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर बाहीचा पुठ्ठ्याचा साचा एकदा सुलटा ठेवून खडूने आखायचं, एकदा उलटा ठेवून आखायचं, आणि मग उभ्या पात्याचं मशीन त्या रेषेवरून फिरवायचं. साचा उलटायला विसरलं की संपलं. शिकाऊ माणूसही हे विसरत नाही. आणि या कारखान्यात कापायचं काम करत होती मास्तरीणबाई. कटिंग मास्टर पुरुषच असतो असं जिथे सगळे धरून चालतात, तिथे ती आपल्या हिमतीवर मास्तरीण झाली होती. तिच्या हाताखालून गेलेल्या कापडाला मोजपट्टी लावायची गरज नाही, असं मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

मालक कापायच्या खोलीत गेले ते तावातावानेच. एका शिलाई मशीनपासून सुरुवात करून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. तोंड तिखट, आवाज खणखणीत. रागावले की खिडकीच्या काचा हलायच्या. पण त्या दिवशी ते दारातच थबकले. मास्तरीणबाई टेबलाला टेकून उभी होती, डोळे अर्धवट मिटलेले, मान छातीवर कललेली. हातातलं मशीन चालूच होतं. पातं कापडात नुसतंच घुरघुरत होतं. डाव्या हातात घालायचा लोखंडी जाळीचा मोजा बाजूला पडला होता आणि उघडी बोटं पात्यापासून वीतभरही लांब नव्हती.

मालकांनी आधी बटण बंद केलं. मग तिचा हात धरून तिला मागे ओढलं. तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झालंच मालक, एवढा थर झाला की देते."

दारात जमलेल्यांच्या देखत तिच्या ॲप्रनच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं खाली पडली. एक नाही, मूठभर. अर्ध्याहून जास्त रिकामी.

"घरी जा," मालक एवढंच म्हणाले. ओरडलेसुद्धा नाहीत. सगळ्यांना वाटलं, ओरडले नाहीत म्हणजे कायमचं घरी पाठवलं. काजवाली तिला रिक्षात घालून सोडून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर केबिनमध्ये येऊन उभा राहिला. "मालक, आता मन मोठं करायची वेळ नाही. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. काढून टाका. मी माणूस बघून ठेवलाय."

"बघू," मालक म्हणाले. त्यांचंही मत तेच होतं. फक्त ते तिला तोंडावर कसं सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं. विचारांच्या नादात ते कापायच्या खोलीत गेले, काल अडकलेलं पातं स्वतः सोडवायला लागले, आणि बोट कापून घेतलं. रक्त ठिबकायला लागलं तसे ते भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडे धावले.

पेटीत पट्टी नव्हती. कापूस नव्हता. जंतुनाशकाची बाटली तळाशी वाळून खडखडीत झाली होती. होत्या त्या फक्त अंगदुखीच्या गोळ्या. एवढ्या, की झाकण उघडताच दोन पाकिटं बाहेर सांडली.

"अहो, पट्टी कुठाय?" मालक ओरडले.

सुपरवायझर रुमाल घेऊन धावत आला. "पट्टी कोण मागतं मालक? गोळ्याच लागतात. कुणाची मान, कुणाची पाठ. घाईच्या वेळी मीच वाटतो."

मालकांनी बोटाला रुमाल गुंडाळला आणि तो गुंडाळता गुंडाळता थांबले. "मास्तरीणबाईंना पण?"

"त्यांचा खांदा धरला होता ना मागच्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी. हात वर जाईना. म्हणाल्या, दोन दिवस सुट्टी द्या. मी म्हटलं, सुट्टी कसली, गोळी घ्या आणि टेबल सोडू नका. या साध्या गोळीने भागेना, तेव्हा माझ्या ऑपरेशनच्या वेळच्या कडक गोळ्या घरी पडल्या होत्या, त्या आणून दिल्या. काय जादू झाली म्हणता! संध्याकाळपर्यंत सगळा माल कापून दिला बाईने." सुपरवायझर हे कौतुकाने सांगत होता. मग मालकांचा चेहरा बघून त्याचा सूर उतरला. "तुम्हीच म्हणाला होतात मालक. काहीही करा, पण माल वेळेत गेला पाहिजे."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते.  रुमाल लाल झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"त्या नव्या माणसाला अजून बोलावू नका," ते शेवटी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भर कामाच्या वेळी कारखाना सोडून बाहेर पडले.

व्यसनमुक्ती केंद्र एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. मालकांनी जिना चढताना दोनदा मागे वळून बघितलं, कुणी ओळखीचं बघत नाही ना. डॉक्टरीणबाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "बोला. काय घेता?"

"मी? मी काही घेत नाही. मी माझ्या एका कामगारासाठी आलोय."

"बरं," त्या म्हणाल्या. "सगळे असंच म्हणतात. कुणी मित्रासाठी येतं, कुणी मेव्हण्यासाठी."

"अहो, खरंच!" मालकांचा आवाज एवढा चढला की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. मग त्यांनी सगळं सांगितलं. बाह्या, पातं, पेटी, आणि ती पहिली कडक गोळी. काही लपवलं नाही. शेवटी विचारलं, "तिला काढून टाकू की नको, तेवढं सांगा."

"ते तुम्ही ठरवा. मी आजार कसा आहे ते सांगते. त्या गोळ्या शरीराला धरून बसतात. बाईंनी मनावर घेतलं तरी एका दिवसात सुटत नाहीत. एकदम बंद केल्या तर माणूस तडफडतो आणि पुन्हा गोळीकडे धावतो. उपचार आहेत, माणसं बरी होतात. पण बरं व्हायला उद्याचा दिवस दिसावा लागतो. नोकरी गेली, चारचौघांत तोंड काळं झालं, तर कशासाठी बरं व्हायचं?"

"म्हणजे ठेवायचं."

"ठेवायचं म्हणजे डोळेझाक करायची नाही. पात्याजवळ जाऊ द्यायचं नाही. उपचाराला कामाच्या वेळात सोडायचं. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायची नाही. आणि नियम काय ते आधीच स्पष्ट सांगायचे, म्हणजे पुढे भांडण नको. शिवाय तो खांदा. खांदा तसाच दुखत राहिला तर आम्ही इथे कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही."

"किती दिवस लागतील?"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "माल द्यायची तारीख तुमच्याकडे असते मालक. आमच्याकडे नसते."

मास्तरीणबाईचं घर म्हणजे दोन खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची सासू. दार सासूबाईंनी उघडलं. काटकुळ्या, ताठ, डोळ्यांत झोप न झाल्याची लाली.

"हाकलायला आला असाल तर दारातूनच सांगा," त्या म्हणाल्या. "बोलायला आला असाल तर आत या."

"बोलायला आलोय," मालक म्हणाले. वाटेत त्यांनी जे पाठ केलं होतं ते सगळं एवढ्यात विसरून झालं होतं.

मास्तरीणबाई कोपऱ्यात गोधडी लपेटून बसली होती. कालपासून गोळी मिळाली नव्हती. कपाळावर घाम आणि अंगात कापरं. साचा हातात धरला की दगडासारखा स्थिर राहणारा तो हात गोधडीची कड धरूनसुद्धा थरथरत होता. मालकांनी नजर दुसरीकडे वळवली.

"लाज काढायला आलात का मालक?" ती म्हणाली. "काढा. मी काढून घ्यायला बसलेच आहे. डबे बदलून बदलून गोळ्या लपवल्या मी. एका दुकानात ओळखायला लागले की दुसरं दुकान. आईंना सांगायचे, व्हिटॅमिन आहे. त्या मला दूध देऊन वर म्हणायच्या, व्हिटॅमिन घेतलंस का गं?"

"मी मूर्ख नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मला कळत होतं. बोलले नाही, ही माझी चूक. वाटलं, बोलले तर ही पण जाईल." त्या मालकांकडे वळल्या. "मुलगा गेला माझा. ही मला सोडून माहेरी गेली नाही. आता मी हिला सोडणार नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा."

मालकांनी घसा खाकरला. "मास्तरीणबाई, पहिली कडक गोळी माझ्या कारखान्यात मिळाली तुम्हाला. मला आज कळलं. आधीच कळायला हवं होतं. आता ऐका. केंद्रात जागा आहे, मी बोलून आलोय. तुम्ही बऱ्या होईपर्यंत तुमची जागा तुमचीच. त्या टेबलावर दुसरा मास्टर बसणार नाही. पण डॉक्टर सांगेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. उपचार सोडायचा नाही. कारखान्यात मी कुणाला काही बोलणार नाही, सांगायचं असेल तर तुम्ही सांगा."

"मला दया नको."

"दया?" मालकांचा खणखणीत आवाज परत आला. "बाई, माझ्या गोदामात डाव्या बाह्यांचा डोंगर पडलाय. सुपरवायझर कापायला लागला तर पुढच्या खेपेला सगळ्या कॉलरी होतील! दया कसली? मला माझी मास्तरीण परत पाहिजे."

गोधडीतून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की हुंदका, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि परत घसरले तर?" तिने विचारलं.

"तर दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगायचं. सांगितलंत तर पुढचं बघू. लपवलंत तर मात्र तुमचा रस्ता तुम्हाला, माझा मला."

सासूबाई उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. "जायचं कधी?" त्यांनी विचारलं. "आत्ता जाऊ. उद्या हिचा विचार बदलेल."

केंद्रातले पहिले दिवस वाईट गेले. पोटात पीळ पडायचे, हाडं दुखायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. तिने डॉक्टरीणबाईंना शिव्या दिल्या, मालकांना दिल्या, आणि एकदा सासूबाईंनाही. सासूबाईंनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "यापेक्षा चांगल्या मला येतात. बरी हो, मग शिकवते." औषधं हळूहळू लागू पडली. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येऊन खांदा हलवून घ्यायची. आधी हात कमरेच्या वर जाईना, मग छातीपर्यंत गेला, मग एके दिवशी मास्तरीणबाईने वरच्या फळीवरचा पेला खाली काढला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली, पाणी प्यायचंही भान नाही.

इकडे मालक अग्निशमन दलाच्या प्रमुखांकडे गेले आणि सरळ सांगितलं की माल चुकलाय, उशीर होईल. प्रमुखांनी खूप सुनावलं. शेवटी म्हणाले, "चूक आमच्या जवानाच्या अंगावर जाण्याआधी सांगितलीत, म्हणून थांबतो. पण एकदाच."

मास्तरीणबाई कारखान्यात परत आली ती तपासणीच्या टेबलावर. काम अर्धा दिवस. शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडायचे, टाके बघायचे. जिच्या हातात पातं असायचं तिच्या हातात आता छोटीशी कात्री. मालकांनी शब्द पाळला होता, कुणाला काही बोलले नव्हते. पण खिशातून पडलेल्या गोळ्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि इस्त्रीवाल्याने तिला नावही ठेवलं होतं, गोळीमास्तरीण. हा इस्त्रीवाला म्हणजे कारखान्याचा विदूषक. त्याची जीभ त्याच्या इस्त्रीपेक्षा गरम. ती आली की बोलणी थांबायची, गेली की सुरू व्हायची. काहींनी पर्स उचलून मांडीवर घेतल्या. हे तिला सगळ्यात लागलं.

चार-सहा दिवस तिने ते सोसलं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ती उठून उभी राहिली.

"मागे काय बोलता ते मला माहितेय, तर मीच समोर सांगते. मला गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. खांदा दुखत होता म्हणून सुरू केल्या, मग खांदा राहिला बाजूला. आता उपचार घेतेय. दर मंगळवारी दुपारी मी जाते ते तिकडेच जाते. ज्याला नाव ठेवायचं त्याने ठेवावं, पण ऐकू येईल असं ठेवावं."

 इस्त्रीवाला डब्यात बघत बसला. आणि मग मागून एका शिलाईवालीने हळूच विचारलं, "ताई, पण मग त्या खांद्याचं काय केलं? माझी मान सकाळी वळत नाही हो."

"माझी पाठ," दुसरी म्हणाली.

"माझं तर विचारूच नका," काजवाली म्हणाली, "माझं काय दुखत नाही ते विचारा."

मास्तरीणबाईने त्यांना केंद्रातला व्यायाम दाखवला. हात असे वर, मग मागे, मग खांदे गोल. सगळी रांग उठली. खुर्च्या सरकल्या. थोड्या वेळाने मालक केबिनमधून बाहेर आले, तर अख्खा कारखाना हात वर करून उभा.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "संप आहे का?"

त्या दिवशी जे हसू फुटलं त्यात मास्तरीणबाईचंही होतं. व्यायाम पुढे रोजचाच झाला. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मशीन बंद करून. सुपरवायझर आधी कुरकुरला की एवढ्या वेळात किती शिलाई झाली असती. मालक म्हणाले, "आणि चुकलेली शिलाई उसवायला किती वेळ लागतो?" पेटीतल्या गोळ्या गेल्या, पट्ट्या आल्या. ज्याचं अंग दुखेल त्याने बसायचं, नाहीतर डॉक्टरकडे जायचं. गोळी घेऊन उभं राहायचं नाही, हा नियम झाला.

एवढ्यावर सगळं गोड झालं असतं तर बरं झालं असतं. पण कोटांसाठी नव्या कापडाचे गठ्ठे आले त्या दिवशी मास्तरीणबाई ते बघून आतून हादरली. तेच कापड, तोच रंग. घरी जाताना तिचे पाय एका ओळखीच्या दुकानाकडे वळले. तिने पाकीट घेतलं. दोन गोळ्या घेतल्या.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि उरलेलं पाकीट मालकांच्या टेबलावर ठेवलं. "काल घेतल्या," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात येऊन सांगायचं. सांगायला आले."

मालकांनी टेबलावर अशी मूठ आपटली की पाकीट उडून खाली पडलं. उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. दाराशी उभा असलेला सुपरवायझर पुटपुटला, "मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" मालक त्याच्यावर उलटले. "इतक्या वर्षांत या केबिनमध्ये कुणी स्वतःच्या पायाने येऊन स्वतःची चूक सांगितलीय? तुम्ही सांगितलीत? मी सांगितली? ही आली. सांगायला आली." मग ते खुर्चीत बसले, श्वास घेतला, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई दचकल्या नाहीत. असं होतं, म्हणाल्या. औषध थोडं बदललं, मंगळवारच्या जोडीला शुक्रवार आला. कारखान्यातून घरी जायच्या वाटेवर काजवाली तिच्याबरोबर चालेल असं ठरलं. काजवालीचं घर उलट्या दिशेला होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. मास्तरीणबाई कापायच्या खोलीवरून जात होती, तर आत सुपरवायझर जमिनीवर आडवा. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवत होता.

"काय करताय?"

"उंच करतोय," तो मान वर न करता म्हणाला. "टेबल तुमच्या मानाने बुटकं होतं. वाकून वाकून खांद्याची वाट लागते, असं त्या व्यायामवाल्या मुलीने सांगितलं. मी जाऊन विचारलं." मग ठोकळा ठोकता ठोकता आणखी म्हणाला, "ती पहिली गोळी मी दिली. चांगल्या हेतूने दिली हो. पण दिली मी."

 मास्तरीणबाईने आत येऊन टेबलाची दुसरी बाजू उचलून धरली. "डावीकडे अजून थोडं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी होकार दिला तो दिवस साधाच होता. मास्तरीणबाईने कापडाचे थर स्वतः अंथरले. काजवालीने दुसरं टोक धरलं. बाहीचा साचा सुलटा ठेवून आखला, मग उलटा ठेवून आखला. पात्याला हात लावायच्या आधी दोन जणांनी आखणी बघायची, हा नियम तिनेच सुचवला होता. सुपरवायझरने बघितली, काजवालीने बघितली. मालक दारात उभे होते. त्यांच्या मागे शिलाईची अर्धी रांग.

"सिनेमा आहे का?" मास्तरीणबाई म्हणाली. "कामं नाहीत?"

कुणी हललं नाही. तिने जाळीचा मोजा चढवला आणि बटण दाबलं. पातं गुणगुणायला लागलं. पहिलं हातभर अंतर ती जपून गेली. मग वळण आलं, कोपराचा तो अवघड बाक, आणि तिथे तिच्या हाताला सगळं आठवलं. पातं रेषेवरून असं सरकलं जसं पाणी उतारावरून जातं. तिच्या ओठांवर नकळत एक सूर आला. ती काम करताना गुणगुणायची हे सगळे विसरूनच गेले होते. ती स्वतःसुद्धा.

बटण बंद झालं. तिने वरची डावी बाही उचलली, वरची उजवी उचलली, दोन्ही समोरासमोर धरल्या. जोडी जमली. दारातून जो आरडाओरडा झाला तो रस्त्यापर्यंत गेला. मालकांनी टाळी वाजवली आणि मग लगेच ओरडले, "चला, कामं नाहीत का?"  

कोट नेमलेल्या दिवशी तयार झाले. दलाचे प्रमुख स्वतः तपासायला आले. त्यांनी कोट घातला, बटणं लावली, आणि कुणाला काही न विचारता जमिनीवर पालथे पडून रांगायला लागले. टेबलाखालून गेले, खुर्चीवर चढले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन एक काल्पनिक शिडी चढले. शिलाईची रांग तोंडाला पदर, रुमाल, जे मिळेल ते लावून बघत होती. प्रमुख खाली उतरले. घामाघूम झाले होते.

"कापलं कुणी हे?" त्यांनी विचारलं.

मालकांनी मास्तरीणबाईकडे बघितलं. सांगायचा हक्क तिचा होता.

"मी," ती म्हणाली. "आधीच्या डाव्या बाह्या पण मीच कापल्या होत्या. तेव्हा आजारी होते. आता बरी होतेय."

प्रमुखांनी कपाळ पुसलं. "आमच्याकडेही दोघं आहेत असे," ते हळू आवाजात म्हणाले. "चांगले जवान. काय करावं कळत नाही. तुम्ही काय केलंत?" आणि मग हे दोघे, एक दलाचा प्रमुख आणि एक कारखान्याचा मालक, केबिनचं दार लावून किती तरी वेळ बोलत बसले. मध्येच मास्तरीणबाईला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा पाठ ताठ होती. तिच्या सासूबाईंसारखी.

संध्याकाळी घरी तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता सल्ला पण द्यायला लागलीस? आणि मी काय सांगत होते इतके दिवस?"

"तुम्ही शिव्या शिकवणार होतात," मास्तरीणबाई म्हणाली. "अजून शिकवल्या नाहीत."

सासूबाईंनी मग खरंच एक शिकवली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्यानंतरच्या एका मंगळवारी मास्तरीणबाई केंद्रात जायला निघाली, तर फाटकाशी इस्त्रीवाला उभा. विदूषकाचा चेहरा आज धुतल्यासारखा कोरा होता. "ताई," तो म्हणाला. याआधी तो तिला ताई म्हणाला नव्हता. "सकाळी घेतल्याशिवाय माझा हात स्थिर राहत नाही. दारू. कुणाला माहीत नाही. तिथे दारूचं पण बघतात का?"

"बघतात," ती म्हणाली. "चल."

"आणि माझं टेबल?"

मास्तरीणबाई मागे वळली आणि खिडकीतून हाक मारली, "मालक, इस्त्रीवाल्याला घेऊन जाते माझ्याबरोबर. इस्त्री तेवढी बघा."

मालकांनी का, कशासाठी, काही विचारलं नाही. अस्तन्या वर सारल्या आणि इस्त्री हातात घेतली. दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांना मागून काजवालीचा आवाज ऐकू येत होता, "मालक, उचला, उचला, कॉलर जळतेय!" आणि त्याच्यावर अख्ख्या कारखान्याचं हसणं.